ताई, मी शैला बोलतेय

शैला गेली हे मला कळलं, तेव्हा ती खाली रस्त्यावर बोलत होती. वाक्य विचित्र वाटेल, पण घडलं ते असंच. सकाळी मी चपात्या लाटत होते आणि बेल वाजली. दारात सदानंद भावोजी, म्हणजे शैलाचे यजमान. आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. पायात चप्पल नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं… आणि नेमकी तेव्हाच खालून प्रचाराची रिक्षा गेली. ‘ताई, मी शैला बोलतेय,’ असं भोंग्यातून स्वच्छ, खणखणीत ऐकू आलं. भावोजींनी दाराची चौकट धरली. रिक्षा वळून पुढे जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग ते म्हणाले, “गेली.” मला ते आधीच कळलं होतं. हातातलं लाटणं खाली ठेवायचं सुचलं नाही, ते तसंच घेऊन मी जिना चढले.

शैलाला दीड वर्षं बोलता येत नव्हतं. घशाच्या कर्करोगाने तिचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. रस्त्यावरून फिरणारा तो आवाज प्रचारवाल्यांनी तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरवर तयार केला होता. आवाज तिचा, वाक्यं दुसऱ्या कुणाची. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत, निवडणूकही पार पडली आणि लोक विसरायलाही लागले. पण दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत अशा पुष्कळ बाया आहेत ज्यांनी शैलाला कधी पाहिलं नाही, फक्त भोंग्यातून ऐकलं. ती कोण होती हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, आणि शेवटी शेवटी त्यांनी जे ऐकलं ते तिने कधीच म्हटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. म्हणून हा खटाटोप.

आम्ही दोघी एकाच वर्षी इथे राहायला आलो. ती वेंगुर्ल्याकडची, शाळेत मराठी शिकवायची. मी बँकेत. आमचं घर बौद्ध, वडील परभणीहून मुंबईत आलेले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि मनात निळा झेंडा. शैलाच्या माहेरी-सासरी दुसराच पक्ष, आणि त्या पक्षावर तिचा जीव. तिच्या पक्षाला मी आयुष्यात एकदाही मत दिलं नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. मतदानाला मात्र आम्ही दोघी बरोबर जायचो. परत येताना ती माझ्या बोटावरच्या शाईकडे बघून म्हणायची, “फुकट घालवलंस ना गं ह्या वेळी पण?” मी म्हणायचे, “तुझ्यापेक्षा कमीच.” मग तिच्याकडे चहा.

प्रचाराच्या आवाजाचं काम तिच्याकडे चालून आलं. पक्षाचा ठरलेला निवेदक ऐन वेळी आजारी पडला आणि तेव्हा पोस्टर चिकटवत हिंडणारा दिलीप, जो पुढे नगरसेवक झाला, तो शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचं निवेदन ऐकून घरी आला. तिने अट घातली की मजकूर मी लिहीन. त्या काळात रेकॉर्डिंग घरातच व्हायचं. आतल्या खोलीत दोरी बांधून तिच्यावर गोधड्या टाकायच्या, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि फ्रिजची घरघर येते म्हणून भावोजी फ्रिजही बंद करायचे. रेकॉर्डिंग झकास झालं की सगळे खूश होऊन बाहेर पडायचे आणि फ्रिज चालू करायचं राहून जायचं. निवडणूक आली की त्यांच्या घरचे मासे नासायचे, हे आमच्या जिन्यावर सगळ्यांना माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या आजी तर वास आला की विचारायच्या, “काय गो, ह्या वेळी विधानसभा की महापालिका?”

तिची पद्धत अशी होती की आधी गल्लीतून फिरायचं, मग लिहायचं. नळावर, दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी ती बायकांचं ऐकत उभी राहायची. नाला ओलांडून पलीकडच्या वस्तीतही जायची. म्हणून तिचा मजकूर प्रत्येक गल्लीसाठी वेगळा असे. ‘पाणी किती वाजता येतं ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मत मागायला येईल त्याला विचारा, त्याला ठाऊक आहे का. आमच्या माणसाला ठाऊक आहे…’ असलं काहीतरी साधं. सुरुवात नेहमी ‘ताई, मी शैला बोलतेय,’ अशी. दिलीप म्हणायचा, नाव कशाला सांगता, लोकांना पक्षाचं नाव ऐकू दे. ती म्हणायची, दारात येऊन काही मागायचं तर आधी आपलं नाव सांगावं. एकदा मढच्या कोळीवाड्यासाठी काम आलं. कोळी बोलीत बोला, असा आग्रह झाला. तिने स्वच्छ नकार दिला. “माझ्या तोंडून ती नक्कल वाटेल, आणि त्यांच्या बायकांना ते लगेच कळेल,” असं म्हणून ती मढला गेली, तिथल्याच एका मासळीवालीला मजकूर समजावून सांगितला आणि तिच्याकडूनच म्हणवून घेतला.

एका निवडणुकीत आमच्या लोकांच्या चार इमारतींसाठी मजकूर लिहिताना ती माझ्याकडे आली. म्हणाली, “मीने, ‘जय भीम’ने सुरुवात करू का गं?” मी फटकळ आहे, सगळे म्हणतात. मी म्हटलं, “मनातून येत असेल तर कर. मतासाठी येत असेल तर आमच्या दारातून परत जा.” त्या वर्षी चारही इमारतींसमोर ‘नमस्कार’ ऐकू आला. पुढे चौदा एप्रिलला सकाळी ती पांढरी साडी नेसून आमच्याकडे आली, तसबिरीला फूल वाहिलं आणि हात जोडून ‘जय भीम’ म्हणाली, आमच्या बैठकीच्या खोलीत, जिथे ऐकायला मी आणि माझी सासू एवढ्याच होतो. मग दर वर्षी येत राहिली. भोंग्यातून मात्र तिने ते कधीच म्हटलं नाही.

आमची भांडणं व्हायची. तिचा मजकूर ऐकून बायका रडायच्या, हे खरं होतं. लेकीला सासरी पाठवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, मग वॉर्ड कुणाच्या हाती देतो याची चौकशी करत नाही, असं काहीतरी ती म्हणायची आणि भाजी निवडणारीचा हात थांबायचा. मी तिला म्हणायचे, ही लबाडी आहे. विचारसरणी सांग, जाहीरनामा सांग, रडवतेस कशाला. आणि रडवून मत मागणं आणि घाबरवून मागणं यात फरक तो काय? त्यावर ती जे बोलली ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, “रडलेली बाई शेजारणीकडे जाते गं. घाबरलेली दार लावून घेते.” तिचा एवढाच एक नियम होता. घाबरवून मत मागायचं नाही. दिलीपने दोन-तीनदा तसला मजकूर पाठवला, आणि तिने तो त्याच्याच हातात परत दिला. म्हणाली, “दिलीप, हे दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घे. माझ्या तोंडून निघणार नाही.” तो हसून न्यायचा, कारण तिच्याशिवाय त्याचं चालत नव्हतं.

मग ते घशाचं दुखणं आलं. आधी शिक्षकांना होतो तसला घोगरेपणा, मग तपासण्या, मग डॉक्टरांनी सांगितलं की आवाज जाईल पण माणूस राहील. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने पुष्कळांना फोन केले. माझ्याशी तासभर बोलली. भावोजींशी काय बोलली, मी नंतर विचारलं. ते म्हणाले, “भांडलो आम्ही. हॉस्पिटलमध्ये कुठली पिशवी न्यायची त्याच्यावरून.” तिचा आवाज टेप करून ठेवावा, हे कुणालाच सुचलं नाही. इतकी वर्षं तो आवाज फुकट रस्त्याने वाहत होता, घरात कोण साठवून ठेवणार? जुन्या कॅसेट काय, नंतर मालाडच्या स्टुडिओत केलेलं काम काय, सगळं प्रचार कार्यालयातच राहिलं. ऑपरेशननंतर तिच्या उशाशी लहान मुलांची लिहून पुसायची पाटी आली. पाटीवरही ती शिक्षिकाच राहिली, माझं काही चुकलं की दोन रेघा मारायची.

वर्षभराने आजार उलटला, तिने अंथरूण धरलं, आणि तिचं सगळं बघायला रेखा यायला लागली. रेखा नाल्यापलीकडच्या त्या वस्तीत राहते. वसाहतीचा पुनर्विकास होणार आहे आणि नव्या इमारतीच्या एका भागात त्या वस्तीतल्या कुटुंबांना घरं मिळणार आहेत, यावरून इथे बरीच कुजबुज चालू होती. निवडणूक जाहीर झाली आणि एका दुपारी, रेखा शैलाला चमच्याने पेज भरवत होती, मी शेजारी बसले होते, भावोजी पेपर वाचत होते, तेव्हा खालून आवाज आला. ‘ताई, मी शैला बोलतेय…’

आम्ही सगळेच दचकलो. भावोजी उठून खिडकीशी गेले. आवाज पुढे बोलत होता. ‘ताई, उद्या तुमच्या जिन्यावर कोण चढणार आहे, विचार केलात का? रात्री लेक घरी परतेल, तेव्हा लिफ्टमध्ये तिच्याशेजारी कोण उभं असेल?’ आणि मग दिलीपचं नाव, निशाणी. इतकं सफाईने केलेलं होतं, की ‘ताई’च्या आधी शैला घ्यायची तसा श्वासही त्यात होता. रेखाच्या हातातला चमचा हवेतच राहिला. मग तिने तो शैलाच्या तोंडाशी नेला. शैलाने तो हाताने बाजूला सारला, पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हे मी नाही.’ पाटी रेखासमोर धरून ठेवली, खाली घेईना. रेखा म्हणाली, “मला ठाऊक आहे मावशी. तुम्ही असं बोलायच्या नाहीत.” मग म्हणाली, “पण आमच्या गल्लीत तुमचा आवाज सगळे ओळखतात ना…” शैलाने डोळे मिटून घेतले. रडताना तिच्या घशातून आवाज येत नव्हता, फक्त खांदे हलत होते. असं रडणं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर गाडी रोज यायची. खालच्या आजींनी मला जिन्यात थांबवून विचारलं, “शैला म्हणते म्हणजे खराच असतला ना?” मी त्यांना समजावलं. पण दाराला जाळीचं दार बसवायला त्यांनी माणूस बोलावलेला होता. शैलाला हे कळलं तेव्हा तिने मला जवळ बसवलं, भावोजी औषधं आणायला गेल्याची खात्री करून घेतली आणि पाटीवर लिहिलं, ‘मी जायच्या आत हे बंद करून दे.’ मी म्हटलं, भावोजींना सांग ना, तेही येतील माझ्याबरोबर दिलीपकडे. तिने नाही म्हणून मान हलवली. पाटी पुसली. मग लिहिलं, ‘ते खिडकीत उभे राहतात. त्यांना ऐकायचं असतं. म्हणून तुला सांगते.’

मीही पाहिलं होतं. गाडीची वेळ झाली की भावोजी काहीतरी निमित्त काढून खिडकीशी जायचे. पाठ आमच्याकडे, हात गजांवर. त्या वाक्यांचा त्यांनाही राग होता, दिलीपला ते शिव्या घालायचे. पण दीड वर्ष बायकोचा आवाज न ऐकलेला माणूस तो, आणि अंथरुणावरून ती त्यांच्या पाठीकडे बघत असायची.

मी प्रचार कार्यालयात गेले. तिथे लॅपटॉपवर हे काम करणारी एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड. म्हणाली, “काकू, आम्ही तर त्यांना ट्रिब्यूट देतोय ना. सर्व्हे केला होता, ह्या भागात सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्या आवाजावर आहे.” मी म्हटलं, “तो विश्वास कशाने आला ते सर्व्हेत निघालं का गं?” तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवून सर्व्हेचे आकडे दाखवले. तिला खरंच कळलं नव्हतं, आणि मला तिचा राग धड येईना. दिलीप भेटला नाही, प्रचारात होता. फोन उचलत नव्हता. मी निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रारही दिली. पण तक्रारीला वेळ लागतो आणि शैलाकडे वेळ राहिला नव्हता. रोज वर गेले की ती भुवया उंचावून विचारायची, झालं का? मी म्हणायचे, होतंय. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तिने विचारणंही सोडलं… आणि मग ती सकाळ आली. तिला दिलेला शब्द माझ्याकडून तिच्या हयातीत पुरा झाला नाही.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. शैलाचा फोटो मध्ये, आणि वर नेत्यांचे पाच चेहरे, शैलापेक्षा मोठे. दुसऱ्या दिवशी दिलीप घरी आला. भावोजींच्या पाया पडला, खरोखर रडला. तो खोटं रडत होता असं मी म्हणणार नाही, शैलाने त्याला चार वाक्यं धड बोलायला शिकवली होती. मी त्याला बाहेर जिन्यात नेलं. त्याने आधीच हात जोडले. “मीनाताई, आठ-दहा दिवस राहिलेत फक्त. आता बदललं तर वाट लागेल माझी.” मी त्याला शैलाचा नियम सांगितला, रेखाचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता आणि ढिम्म हलत नव्हता. मग मी म्हटलं, “दिलीप, उद्या ती गाडी आली तर मी तिच्यापुढे चालत जाईन. घराघरात सांगेन, की जी बाई तुमच्याकडे मत मागतेय ती मेलीय. सुतकातला आवाज घेऊन हा दारोदार फिरतोय. बघू किती जणी बटण दाबतात.” त्याचा चेहरा उतरला. देवाधर्माला, शकुनाला तो फार मानतो. खिशातून फोन काढून त्याने माझ्यासमोरच गाडी बंद करायला सांगितली. शैलाने कधी जे केलं नसतं तेच मी केलं, घाबरवून मागितलं आणि मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आली ती दुसऱ्याच कुणा पुरुषाचा आवाज घेऊन. मला वाटलं, सुटलो. चार दिवसांनी मी डबा घेऊन वर गेले तर भावोजी खिडकीत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “मीनाताई, त्या लोकांनी शैलाची गाडी बंद केली की काय हो? मतदानाला तर अजून वेळ आहे.” खोटं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. तिने मला काय लिहून दिलं होतं आणि मी दिलीपला काय बोलले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर केलंत. ती म्हणाली होती म्हणजे करायलाच हवं होतं.” आणि खिडकीबाहेर बघत, “मी शब्द ऐकत नव्हतो हो. नुसता श्वास ऐकायचो. मला वाटलं होतं, आठ दिवस तरी मिळतील.” त्यांनी डबा उघडला नाही. मी खाली आले आणि आमच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

निवडणूक झाली. कोण जिंकलं ते इथे सांगत नाही, त्याने ह्या घरात काही फरक पडला नाही. मग एकदा फोनमधली जागा संपली म्हणून मी जुने मेसेज काढायला बसले, आणि शैलाचे आवाजी मेसेज सापडले. भावोजींकडे असा एकही नव्हता. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला कोण आवाजी मेसेज पाठवतं? माझ्याकडे मात्र थोडे होते, ऑपरेशनच्या आधीचे. सगळे किरकोळ. बेल बंद आहे, दार ठोठाव. उद्या पाणी येणार नाही, भरून ठेव. त्यात कुठेही ती ‘मी शैला बोलतेय’ म्हणत नाही. मी फोन घेऊन तशीच वर गेले. भावोजींना खुर्चीत बसवलं, काय आहे ते सांगितलं, आणि हाताला आला तो पहिला मेसेज लावला.

मागे बाजाराचा गलका. आणि घाईत, किंचित वैतागलेली शैला. “मीने, मी बाजारात उभी आहे. घरी फोन लावून लावून थकले, हे उचलत नाहीत. जरा वर जाऊन बघ ना गं, तूरडाळ आहे का डब्यात? की घेऊन येऊ?”

भावोजी खुर्चीतून उठले. मला वाटलं, त्यांना सहन झालं नाही, आत गेले. स्वयंपाकघरात फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला, झाकण उघडल्याचा आला. ते डबा हातात घेऊनच बाहेर आले, माझ्या फोनजवळ वाकले आणि म्हणाले, “आहे गं. अर्धा डबा आहे. तू ये.”